सुई माझी, ताट तिचं

“गेल्या त्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणलं तेव्हाच काही राहिलं नव्हतं.”

मी “बरं” म्हणालो. आज वीज नाही, पंप चालणार नाहीत, असं कुणी सांगितलं की मी जसं “बरं” म्हणायचो, तसंच.

सव्वापाच वाजले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून कळलं. पद्मिन लोखंडी खाटेवर आडवी होती. अंगावर सकाळची हिरवी साडी. कपाळभर हळदीकुंकू. नुसतं कपाळावर नाही, भांगात, गालांवर, गळ्यावर सगळीकडं कुंकू सांडलेलं. नर्सबाई कापसानं तिचं एक बोट पुसत होत्या. त्या बोटातून थेंबभर रक्त काढलं होतं.

“साखर होती का यांना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अकरा वर्षं.”

“गोळ्या का सुई?”

“सुई. दोन टाइम. मीच देतो.”

“आज दिली?”

“साडेबाराला. बावीस.”

“आणि जेवल्या कधी?”

मी घड्याळाकडं बघितलं. “एकच्या सुमाराला.”

“काय जेवल्या?”

“पुरणपोळी,” मी म्हणालो.

त्यांनी हातातलं साखर तपासायचं मशीन माझ्याकडं फिरवलं. आमच्या घरी होतं तसलंच. पडद्यावर आकडा नव्हता. नुसतं ‘लो’ होतं.

“वीसच्या खाली गेलं की मशीन आकडा दाखवत नाही,” त्या म्हणाल्या. “पुरणपोळी खाल्लेल्या माणसाचं असं कसं येईल, काका?”

त्यांनी कुंकवाकडं बघितलं.

“महालक्ष्म्या आहेत आज,” मी म्हणालो.

“आमच्याकडंही आहेत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागल्या.

पद्मिन जेवली नव्हती. आदल्या रात्री आठला जेवली, त्यानंतर तिच्या पोटात चहासुद्धा गेला नव्हता. मी खोटं का बोललो ते सांगायचं तर तो दिवस सांगावा लागेल.

मी सेलूच्या नगरपालिकेत पाणी सोडणारा होतो. व्हॉल्व्हमन. लांब लोखंडी चावी सायकलला बांधायची आणि गल्लीगल्लीत जाऊन व्हॉल्व्ह खोलायचे. एकतीस वर्षं तेच केलं. टाकीतून सुटलेलं पाणी कुठल्या गल्लीच्या शेवटच्या नळाला किती मिनिटांनी पोचतं, ते मला पाठ होतं. आठ दिवसांनी येणारं पाणी, लोक वाटच बघत बसलेले. पाच मिनिटं उशीर झाला तर बाया घागरी घेऊन घरी यायच्या.

पद्मिनला साखर निघाली आणि चार वर्षांत गोळ्यांनी भागेना. आमच्या खळीकर डॉक्टरांनी सुई सुरू केली. तिला सुईवरच्या बारीक रेघा दिसायच्या नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. बाटली दोन्ही तळहातांत घोळायची, जोरात हलवायची नाही. मग ओढायचं, बुडबुडा काढायचा, आणि पोटाला टोचायचं. त्यानंतर अर्ध्या तासात तिनं जेवायचं. किती भाकरी, किती भात, ते तिनं बघायचं. सुई माझी, ताट तिचं, असं आमचं वाटून घेतलेलं होतं.

“गावाला पाणी सोडताव तसं मला औषध सोडताव,” ती म्हणायची. “तिकडं तरी चुकलं तर बाया भांडायला येतेत.”

“तू काय कमी भांडतीस?” मी म्हणायचो.

खळीकर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. “रंगनाथराव, वाढलेली साखर वर्षानुवर्षं छळते. कमी झालेली साखर तासाभरात नेते. घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, वेड्यासारखं वागायला लागलं, की आधी तोंडात साखर घाला. मशीनबिशीन नंतर.”

ते मी एकदा बघितलंही होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं वरणात तीनदा मीठ घातलं आणि माझ्याकडं बघून हसतच बसली. “पद्मिन” म्हटलं तरी हसतीय. मी चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजली. दहा मिनिटांनी उठून म्हणाली, “मला काय पाजलंव एवढं गोडमिट्ट? आणि वरण कुणी नासवलं?” आम्ही त्यावर पुढं कितीदा हसलो.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरची बाई नैवेद्य होईपर्यंत काही खात नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कटाची आमटी, सगळं करायचं, पण चाखायचंसुद्धा नाही. मीठ अंदाजानं. आणि पहिलं पान मानाच्या सवाष्णीचं. आमच्या घरात तो मान घरच्या लेकीचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गयाक्काचा. ती येऊन पाटावर बसली की नैवेद्य, आरती, मग सगळ्यांची जेवणं. माझ्या आईनं तसंच केलं, पद्मिननंही तीस वर्षं तसंच केलं.

सुई सुरू झाल्यावर आम्ही एक रीत बसवली होती. त्या दिवशी सकाळची सुई घ्यायचीच नाही. गयाक्का दारात आली की मग द्यायची. नैवेद्य-आरती होईपर्यंत अर्धा तास जातो, तोवर ताट समोर येतं. सात वर्षं ते बरोबर चाललं.

त्या वर्षी सव्वाबाराला गयाक्काचा फोन आला. ती जालन्याहून एसटीनं येत होती.

“रंगा, परतूर सोडलं बघ. पानं मांडायला घे. तुझ्या बायकोला सांग, भज्यांचं तेल तापव म्हणावं. मागच्या साली गार भजे घातले मला.”

मी आत जाऊन सांगितलं. पद्मिन चुलीपुढं बसली होती. पहाटे चारपासून राबत होती ती.

“वन्सं निघाल्या का खरंच?” ती म्हणाली. “का घरातूनच परतूर सोडलं म्हणायल्यात?”

“बसमधला आवाज येत होता. चल, सुई घे.”

“थांबा हो. त्या दारात तर येऊ द्या.”

“अगं, परतूर ते सेलू पाऊण तास, एकला दारात. आरती पाच मिनिटांत उरकू. आज भूक लागली तुला, लवकर जेवशील. आत्ता दिली की बरोबर बसतंय.”

ती माझ्याकडं बघून हसली. “व्हॉल्व्ह आहे का तो?” म्हणाली. पण पदर बाजूला केला.

साडेबाराला मी तिला बावीस दिली.

एकला बस आली नाही. सव्वाला मी फोन लावला. गयाक्का ओरडतच बोलली. “सातोन्याच्या अलीकडं बंद पडलीय रे! ड्रायव्हर खाली घुसलाय. दुसरी गाडी पाठवायलेत म्हणे. तुम्ही थांबा, मी येतीच. माझ्यावाचून नैवेद्य दाखवू नका बघ, आईला काय तोंड दाखवू मी?” आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

मी पद्मिनला बाजूला घेतलं. “तोंडात काहीतरी टाक. साखरेचे दाणे तरी.”

“आज? महालक्ष्म्यांच्या आधी?”

“देवी काही म्हणत नाही.”

“तुमची बहीण म्हणंल की,” ती म्हणाली. “बरी आहे मी. अर्धा तास तर आहे. बायका आल्यात, त्यांच्याकडं बघा तुम्ही.”

हे मी पुढं सगळ्यांना सांगितलं, की मी तिला खा म्हणालो होतो, तिनं ऐकलं नाही. ते खरं आहे. पण गोष्ट तिथं संपत नाही.

पावणेदोनला घरात पंधराएक बायका होत्या. सवाष्णी, शेजारणी, पोरीबाळी. पद्मिन महालक्ष्म्यांच्या समोर येऊन बसली होती. मी बाहेर ओसरीत दोघा-तिघांशी बोलत होतो. आतला गलका एकदम थांबला. मग तिचा आवाज आला.

“रंगनाथ!”

तिनं माझं नाव घेतलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. उखाण्याशिवाय तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नव्हतं.

मी दारात गेलो. ती मांडी घालून बसली होती आणि पुढंमागं डोलत होती. अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, ब्लाऊज ओलाचिंब. डोळे उघडे, पण कुणावर ठरत नव्हते.

“रंगनाथ, इकडं ये तू,” ती म्हणाली. आवाज जाडसर, जीभ जड झाल्यासारखा. “कुठं गेलास तू? कुठं गेलास?”

कुणीतरी पोरगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिला चापट मारली.

मथुराबाई आमच्या शेजारच्या. तेव्हा ऐंशीच्या घरात. त्या भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, “अगं बघता काय! अंगात आलंय तिच्या. आईसाहेब आल्यात. नैवेद्याला उशीर झाला म्हणून स्वतः आल्यात. हळदीकुंकू आणा.”

मग सगळं एकदम झालं. कुणी घंटी वाजवायला लागलं, कुणी कापूर लावला. एकीमागून एक बाई पुढं होऊन तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि पायावर डोकं ठेवायची. पद्मिन डोलत होती. मध्येच हसत होती. एकीचा हात तिनं झटकून टाकला, तर ती बाई “चुकलं आई, चुकलं” म्हणत मागं सरली.

मी आतल्या खोलीत गेलो आणि कपाटातून मशीन काढलं. मला आठवतंय, पट्टीची डबी उघडताना माझे हात थरथरत नव्हते. मला ठाऊक होतं काय झालंय ते. वरणात मीठ घातलं तेव्हाचं हसू मी ओळखलं होतं. स्वयंपाकघराच्या फळीवर साखरेचा डबा होता. माझ्यापासून चार पावलांवर.

मी मशीन घेऊन तिच्यापुढं आलो. बायकांनी वाट दिली.

“रंगनाथ, ते काय आणलंस?” मथुराबाई म्हणाल्या. “ठेव बाजूला. हात जोड आधी.”

“मावशी, तिची साखर—”

“साखर काय घेऊन बसलास? आयुष्यात एकदा असा योग येतो. वैजूचं विचार. विचार की, कधी हलायचा पाळणा तिचा!”

वैजू म्हणजे वैजयंता, आमची एकुलती एक मुलगी. नांदेडला दिली. तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. सासू तोंडानं वाईट नव्हती, पण त्या वर्षी उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात जावयाच्या दुसऱ्या लग्नाचं कुणीतरी बोललं होतं आणि कुणी त्याला गप्प बसवलं नव्हतं. वैजूनं ते आईला फोनवर सांगितलं. पद्मिन दोन दिवस जेवली नव्हती नीट, माझं सुईचं गणित बिघडलं होतं.

मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो. डाव्या हातात मशीन होतं. तिचं बोट माझ्यासमोर, मांडीवर पडलेलं. टोचलं असतं तर पाच सेकंदात आकडा आला असता.

आकडा आला असता तर देवी नसती.

मी मशीन खाली ठेवलं आणि हात जोडले.

“आई,” मी माझ्या बायकोला म्हणालो, “माझ्या लेकीला लेकरू दे.”

ती डोलत होती. तिची मान खाली आली, वर गेली, परत खाली आली.

“हो म्हणाल्या!” मथुराबाई ओरडल्या. “बघा, हो म्हणाल्या आई!”

सगळ्या बायकांनी एकदम ‘उदो’ केला. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय बर्फासारखे गार आणि ओले होते. ते माझ्या कपाळाला कळलं. तरी मी डोकं उचललं नाही लवकर. मला तेव्हा फार आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला वैजू झाली तेव्हाही झाला नव्हता.

थोड्या वेळानं ती एका कुशीला कलली.

“देवी निघून गेली की माणूस गळून जातं,” मथुराबाई म्हणाल्या. “आत निजवा तिला. उठवू नका.”

चौघींनी तिला आत नेऊन गादीवर निजवलं. मी बघून आलो. ती घोरत होती. मला वाटलं, झोपली. नाही, मला वाटलं नाही. मी वाटून घेतलं.

पावणेतीनला गयाक्का आली, घामाघूम, पिशव्या सांभाळत. बायकांनी तिला दारातच सगळं सांगितलं. ती रडायलाच लागली. “माझ्यासाठी आई ताटकळल्या गं! माझ्यासाठी!” मग ती पाटावर बसली. नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. पद्मिन नव्हती म्हणून मीच वाढायला घेतलं. एका बाईनं म्हटलं, “आज रंगनाथभाऊंच्या हातचं पुरण. पाणी सोडायची सवय, तूप तसंच सोडायलेत.” सगळ्या हसल्या. मीही हसलो.

गयाक्कानं पद्मिनचं ताट वाढून झाकून ठेवलं. “उठली की मीच भरवते तिला,” म्हणाली. “भजेसुद्धा गरम होते आज.”

दुसरी पंगत उठली तेव्हा साडेचार झाले होते. गयाक्का आत गेली आणि तिनं मला हाक मारली. नुसतं “रंगा” म्हणाली. त्या आवाजावरून मला कळलं. पद्मिनच्या तोंडातून फेस आला होता आणि घोरणं थांबलं होतं. मी तेव्हा साखर आणली. मुठीत भरून आणली आणि तिच्या दातांवर घासत बसलो. दात मिटलेले होते. सगळी साखर उशीवर सांडली. कुणीतरी ऑटो आणला.

दवाखान्यातलं सांगितलंच आहे.

वैजू दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तोवर पद्मिनला अंगणात ठेवलं होतं. बायकांनी नवी साडी नेसवली होती, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, ओटी भरली होती. गावातल्या ओळखी-अनोळखीच्या बाया येऊन पाया पडून जात होत्या. “महालक्ष्म्यांच्या दिवशी सवाष्ण गेली. केवढं भाग्य!” हे मी त्या दिवशी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. काहीजणी तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन आपल्या कपाळाला लावत होत्या. आत महालक्ष्म्या तशाच उभ्या होत्या. आम्हाला सुतक, म्हणून मथुराबाईंच्या सुनेनं मुखवटे उतरवले.

वैजू माझ्या गळ्यात पडली. “अण्णा, काय झालं होतं हो आईला? परवाच बोलले मी. बरी होती.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मथुराबाई पुढं आल्या, तिचं डोकं आपल्या छातीशी धरून म्हणाल्या, “रडू नको पोरी. देवी अंगात येऊन तिला घेऊन गेलीय. आणि जाताना तुझं मागणं ऐकून गेलीय. विचार तुझ्या बापाला. त्यानंच मागितलं. मान हलवून हो म्हणाली.”

वैजूनं माझ्याकडं बघितलं. “खरंच, अण्णा?”

आठ वर्षांत तिचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. आई अंगणात पडलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तरी चेहऱ्यावर ते.

“हो,” मी म्हणालो.

दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असं लिहून आलं. कुणी काही विचारलं नाही. मशीन मी कपाटात ठेवलं ते परत काढलं नाही. पुढं दोन महिन्यांनी खळीकर डॉक्टर भाजी मंडईत भेटले. मला म्हणाले, “त्या दिवशी साखर तपासली होती का हो घरी?” मी म्हणालो, “गडबड होती, डॉक्टर.” ते माझ्याकडं बघत राहिले. मग हातातली कोथिंबिरीची जुडी पिशवीत ठेवून निघून गेले.

गयाक्का त्यानंतर पाच वर्षं होती. तिनं आमच्याकडं यायचं सोडलं. तिच्या उशिरानं देवी रागावली आणि भावजयीला घेऊन गेली, असं तिनं मनात धरलं होतं. एकदा मी जालन्याला गेलो तर म्हणाली, “रंगा, मी पायी आले असते रे सातोन्याहून. मला कुणी सांगितलंच नाही.” सुई मी तिच्या फोनवरून दिली आणि दाराची वाट बघितली नाही, हे तिला सांगायचं होतं. ती तसंच धरून गेली.

आणि दीड वर्षानं, माघात, वैजूला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, सहा पौंडांची. तिचं नाव पद्मजा ठेवलं.

आता कुणाला काय सांगणार? नांदेडला त्यांच्या देवघरात पद्मिनचा फोटो महालक्ष्मीच्या शेजारी लावलाय. जावई रोज हात जोडतो. वैजू दरवर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती गोष्ट सांगते. मी असलो तर माझ्याकडं बोट करून म्हणते, “अण्णा समोर होते. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.” बायका माझ्याही पाया पडतात.

पद्मजाच्या वेळेला वैजूची साखर वाढली होती. बाळंत झाल्यावर उतरली. डॉक्टर म्हणाले होते, पुढं लक्ष ठेवा. या वर्षी उन्हाळ्यात ती परत वाढली आणि गोळ्यांनी खाली येईना. चार महिन्यांपासून तिला सुई सुरू आहे. सकाळी अठरा, संध्याकाळी सोळा. स्वतःची स्वतःच घेते.

काल दुपारी तिचा फोन आला.

“अण्णा, या वर्षी सासूबाईंनी महालक्ष्म्यांचं सगळं माझ्यावर टाकलंय. त्यांचे गुडघे चालत नाहीत. चाळीस पानं होतील.”

“उपास सोड मग या वर्षी,” मी म्हणालो. “सुई आहे तुला. सकाळीच खाऊन घे काहीतरी.”

“काय बोलताव अण्णा! आईनं तीस वर्षं केलं.”

“डॉक्टर काय म्हणतेत?”

“ते नकोच म्हणणार की. त्यांना काय माहीत?” ती हसली. “मी सांगितलं त्यांना, माझी आई आहे माझ्या पाठीशी. माझं काही वाईट होऊ देणार नाही ती. सुई मी आईसारखीच घेणार, नैवेद्याच्या आधी अर्धा तास. पहिलं पान यांच्या आत्याबाईंचं, त्या लातूरहून यायल्यात, सकाळच्या बसनं.”

माझ्या हातात फोन होता. मागं पद्मजाचा आवाज येत होता, ती काहीतरी मागत होती.

“वैजू,” मी म्हणालो.

“हं?”

“आत्याबाई दारात आल्याशिवाय सुई घेऊ नकोस.”

“बरं बाई. तुम्ही म्हणजे ना. कधी येताव? आदल्या दिवशीच या. तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकायचीय सासूबाईंच्या बहिणीला.”

“येतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

महालक्ष्म्यांना सहा दिवस राहिलेत. मी तिला अजून सांगितलेलं नाही.